मीनाचं लग्न आणि जर्मनांचा रुपया

आमच्या शेजारचे माणिकराव घरात पाहुणा आला की आधी पंखा बंद करतात. हिंगोलीत, मे महिन्यात. पाहुण्याला वाटतं लाईट गेली. लाईट कुठं जाते, बटनावर माणिकरावांचं बोट असतं. मग ते पाहुण्याला साबणानं हात धुवायला लावतात, टॉवेल देतात, आणि हात नीट कोरडे झालेत का ते स्वतः चाचपून बघतात. एवढी सरबराई बघून पाहुण्याला वाटतं, आता पान वाढणार. येतो तो अल्बम.

अल्बममध्ये नोटा आहेत. तुमच्याआमच्या नव्हेत. शंभर वर्षांपूर्वी आफ्रिकेत, आज टांझानिया आहे तिथं, जर्मनांचं राज्य होतं आणि तिथल्या पैशालाही रुपयाच म्हणत. पहिलं महायुद्ध पेटलं, इंग्रजांनी समुद्र अडवला, जर्मनीहून नोटा येईनात. मग तिथल्या साहेबांनी हाताला लागेल त्या कागदावर नोटा छापल्या आणि माणसं बसवून एकेका नोटेवर सह्या करून घेतल्या. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारा, सांगते. आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे आणि माणिकरावांचा आवाज बँकेतला आहे.

बँकेत ते कॅशियर होते. हळदीचं बोट लागलेली नोटसुद्धा त्यांनी कधी घेतली नाही. "खराब हाय. पुढचा!" म्हणून खिडकीतून परत. आणि आता हाच माणूस जगातल्या सगळ्यात फाटक्या नोटा पेन्शनीतून मागवून राहिलाय. देव कसं फेडायला लावतो बघा.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते "बराबर?" असं विचारतात. आपण "बराबर" म्हणायचं. नाही म्हटलं, तर ते पान पुन्हा पहिल्यापासून. मग नोट नाकाशी धरून म्हणतात, "वास घ्या. लढाईचा वास हाय." मला तर जुन्या गोणपाटाचा येतो, पण वाद कोण घालणार.

त्यांना नोटांचा नाद, मला स्थळं जुळवायचा. मी जुळवलेली सगळी लग्नं टिकून आहेत. एका जावयानं मध्ये तक्रारीचा फोन केला होता, पण ते जाऊ द्या. माणिकरावांची मीना मात्र माझ्याच्यानं खपेना. पोरगी म्हणजे सोनं. आई गेल्यापासून घर तिनंच सांभाळलं, जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते, आडदांड गोऱ्ह्याला एका हातानं लस टोचते. तिच्यात काय खोट असणार? खोट त्या अल्बमात.

पहिलं स्थळ कळमनुरीचं. मुलाच्या मामांना तपकिरीची सवय. नोटेचा वास घेता घेता मामा असे शिंकले की आफ्रिकेतला रुपया उडाला तो मुलाच्या आईच्या पोह्यांत. त्या माउलीनं मिरची काढून ठेवावी तसा तो बशीच्या कडेला काढून ठेवला. पाहुणे गेल्यावर माणिकराव म्हणाले, "वहिनी, शिंकणारं खानदान हाय. नको."

दुसऱ्या मुलानं विचारलं, "ह्या आता कुठं चालतात?" तो तिथंच नापास. तिसऱ्याचे वडील बसल्या बसल्या झोपले. झोपेतही ते "बराबर, बराबर" म्हणत होते, म्हणून निभावलं असतं, पण मग घोरायला लागले.

"भाऊ," मी म्हटलं, "लग्न मीनाचं हाय का जर्मनांचं?"

"वहिनी, माणूस पारखायला तकलीफ घ्यावी लागते. बराबर?"

मी बराबर म्हटलं नाही. तणतणत घरी आले.

एक दिवस मी गच्चीवर कुरडया घालत होते, तर मीना आली. म्हणाली, "मावशी, पुसेगावचं एक स्थळ हाय. तुमी आणलं म्हून सांगा."

"म्या कधी आणलं?"

"तुमीच आणलं. गजानन नाव हाय. घरी थोडं शेत अन् मेंढरं. मी लस टोचायला गेले की मेंढी धरायला हाच पुढं."

"कव्हापासून धरून राहिला?"

"दोन वर्सं झाली."

"मग त्या मेंढरांना लई लसी झाल्या असतील," मी म्हटलं. ती हसली, मग तिचे डोळे भरून आले. "मावशी, बाबांनी ह्यालाबी परत पाठवलं तर मी दुसऱ्या कोणाशी करणार न्हाई. सांगून ठेवते."

झालं. रविवारी गजानन आईवडिलांना घेऊन आला. आला तसा मोरीत जाऊन हात धुतले, पंख्याचं बटन स्वतःच बंद केलं आणि मांडी घालून अल्बमापुढं बसला. पोरीनं तयारी चोख करून घेतली होती. बराबर तिथं बराबर म्हणाला. वास घेतला, शिंकला नाही. माणिकराव खुलत चालले, मी मनातल्या मनात हॉलसुद्धा बुक करून टाकला.

मग गजाननानं एक नोट निरखून विचारलं, "काका, एवढ्या सह्या करून त्या माणसांचे हात दुखले नसतील का?"

हे मीनानं शिकवलेलं नव्हतं, तिच्या तोंडावरूनच कळलं. माणिकरावांना असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आणि अर्धा अल्बम बाकी असताना त्यांनी तो मिटला. "बास. एवढंच हाय," म्हणाले आणि उठून मागच्या दारी गेले.

माझं डोकं फिरलं. मागोमाग गेले. "आता काय खोट निघाली?"

हौदाशी उभं राहून ते तोंडावर पाणी मारत होते. "खोट न्हाई, वहिनी. तेच तर. बाकीच्यांत खोट निघायची म्हून मी निवांत होतो." आणखी एक ओंजळ तोंडावर मारून म्हणाले, "रोज सांजच्याला ह्या नोटा मी तिलाच दावतो. तिला समदं पाठ हाय, तरी ऐकते. ती दिवसभर जनावरांत राबून येते, अन् आल्याबरोबर मी अल्बम उघडतो. तुझा दिवस कसा गेला, हे म्या एकदाबी विचारलं न्हाई."

मी आपला पदर पुढं केला. त्यांनी तोंड पुसलं आणि आत जाऊन गजाननाच्या समोर बसले.

"पोरगी देतो," ते म्हणाले. "एकच मागणं हाय. ती सांजच्याला घरी आली की तिला इचारत जा. दिवस कसा गेला, कोणत्या गावाला गेली व्हती, जेवली का. इचारशील?"

"रोज विचारतोच की, काका," गजानन बोलून गेला.

दारात उभ्या मीनानं जीभ चावली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी शोधायला लागले. माणिकरावांनी एकदा पोरीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि मग गजाननाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं झालं लेकरा," ते म्हणाले. "कोणीतरी इचारत व्हतं."