एकेचाळीस उघडी नावं

मला दहा मिनिटांत कळणार नाही असा कॉम्प्युटरचा आजार अजून जन्माला आलेला नाही, हे मी शेखररावांना नाशिकहून फोनवरच सांगून टाकलं. पिंपळगावला त्यांचं द्राक्षांचं पॅकहाउस. माल वाढला की रोज दुपारी त्यांचा कॉम्प्युटर गोठायचा. मग वजनाची नोंद थांबायची आणि दारात टेम्पो तापत उभे.

मी बाराला पोचलो तेव्हा तो गोठलेलाच होता. रांगेत सगळ्यात पुढे केरूकाका, टेम्पोत चाळीस क्रेट.

"साहेब, चारला कंटेनर जातो. आज माल गेला नाय तर मणी गळत्याल. वर्षाची मेहनत हाय."

"ऑपरेटिंग सिस्टिमचा दोष आहे, काका," मी स्क्रीनकडे न बघताच सांगितलं. आधी निदान, मग तपासणी, ही आमच्या धंद्याची रीत.

दोन मिनिटांनी माउस हलला. बघतो तर एकेचाळीस विंडो उघड्या! प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाची एक.

"ताई, वजन झालं की बंद का करत नाही?" मी ऑपरेटर सुवर्णाताईंना विचारलं.

"अहो, माणसाचा माल आपल्या दारात असताना त्याचं नाव बंद करायचं? भरल्या घरात असं बोलू नये. कंटेनर हलला की सगळी एकदम वाढवते."

मी विज्ञानयुगावर एक छोटंसं भाषण दिलं आणि सगळ्या विंडो धडाधड बंद केल्या. कॉम्प्युटर मधेमधे काहीतरी विचारत होता, पण असले प्रश्न आम्ही तज्ज्ञ लोक वाचत नाही. मशीन मोकळं होऊन पळायला लागलं.

"वजनं कुठायत?" सुवर्णाताईंनी विचारलं.

वजनंही गेली होती. सेव्ह करायचं कामही ताई कंटेनर हलल्यावरच करायच्या.

एकेचाळीस जणांचा माल कोल्ड स्टोरेजमधून पुन्हा काट्यावर आणावा लागला. केरूकाका नुसते घड्याळाकडे बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शेखररावांनी वजनं लिहायला जुनी वही काढली. हमाल कमी पडले, आणि सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

चारला दहा कमी असताना केरूकाकांचा शेवटचा क्रेट चढला. कंटेनर वेळेआधी सुटला, म्हणे या हंगामात पहिल्यांदाच.

"उद्या येऊन कॉम्प्युटर नीट बघतो," मी कंबर धरून म्हणालो.

"या की," शेखरराव म्हणाले. "पण कॉम्प्युटर राहू द्या. क्रेटला तुमचा हात चांगला बसलाय."