सोमवार सकाळ ते रविवार रात्र

बाईंनी फडताळातून गोळ्यांची डबी काढली, एकामागून एक चार झाकणं उघडली आणि शाळा सुटून बारा वर्षं झाली तरी न सुटलेल्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारलं, "हे काय?"

स्टोअरकीपर कपबशी विसळत होते. ते बशी हातात धरूनच वळले. वरच्या मजल्यावरच्या बाई खरं तर वाटीभर साखर उसनी न्यायला आल्या होत्या. मधुमेह असलेल्या माणसाकडे साखर शिल्लक असणारच, असा त्यांचा हिशेब.

"गोळ्या आहेत," ते म्हणाले.

"दिसतंय मला. सोमवार सकाळ आहे, सोमवार रात्र आहे, मंगळवारच्या दोन्ही आहेत. आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग या पोटात का नाहीत?"

उत्तर सोपं होतं, पण ओठांवर येण्यातलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी त्यांच्या बायकोनं ही डबी भरली. दर रविवारी भरायची तशीच. चौदा कप्पे, चौदा गोळ्या, प्रत्येक झाकण अंगठ्यानं दाबून टक्कन आवाज आला की पुढचं. सोमवारी पहाटे ती चहा टाकायला उठली, आणि चहा झालाच नाही.

त्याच संध्याकाळी ते दुकानात जाऊन गोळ्यांची नवी पट्टी घेऊन आले. आजच्या दिवशीही गोळी चुकवली असती तर तिनं बोलून बोलून जीव नकोसा केला असता. तेव्हापासून सकाळ-रात्र, दोन घास पोटात गेले की ते पट्टीतली गोळी घेत. डबीला मात्र त्यांनी हात लावला नाही. त्या चौदा झाकणांखाली तिनं त्यांच्यासाठी मोजून ठेवलेला एक अख्खा आठवडा होता. तो अजून सुरू व्हायचा होता.

हे साखर मागायला आलेल्या बाईला कसं सांगणार?

"विसरलो," ते म्हणाले. कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं एक खिळा न विसरलेला माणूस हे बोलला, आणि कानापर्यंत लाल झाला.

"आत्ता घ्या. माझ्यासमोर."

सकाळची गोळी तासाभरापूर्वी न्याहारीबरोबर पोटात गेली होती. तिच्यावर दुसरी घेतली असती तर साखर इतकी खाली गेली असती की बाईंना उसनी साखर जागच्या जागी परत करावी लागली असती.

"नको. राहिलेली गोळी राहिली. भरपाई म्हणून दोन-दोन घ्यायच्या नसतात. डॉक्टरांनी बजावलंय."

"दोन कुठे? तुम्ही तर एकही घेतलेली नाही!"

ते बशी पुसू लागले. बाई तरातरा वर गेल्या आणि साखर मोजायचं मशीन घेऊन आल्या. आकडा बघून हा माणूस घाबरेल आणि वळणावर येईल, असा बेत होता. बोटाला सुई टोचली. एकशे अडतीस. बाईंनी दुसरं बोट धरलं. एकशे चाळीस.

बाई खुर्चीत बसल्या. "न्याहारी करून? आणि गोळ्यांशिवाय? करता काय तुम्ही?"

"चालतो."

"कुठपर्यंत?"

"पाण्याच्या टाकीपर्यंत."

बाईंकडून ही बातमी इमारतभर झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या रस्त्यावर त्यांच्या मागे चार माणसं होती. रविवारी अकरा झाली. टाकीला उजवीकडून वळायचं की डावीकडून, यावरून दोघांत वादही झाला. स्टोअरकीपर सवयीनं डावीकडून वळत, म्हणून सगळे डावीकडून वळले.

दरम्यान बाईंनी स्टोअरकीपरांच्या मुलीला फोन करून घरचं सगळं कळवलंच होतं.

"बाबा, तुम्ही गोळ्या घेत नाही?"

"घेतो."

"मग बाई खोटं बोलतायत?"

"नाही."

"मग डबी भरलेली कशी?"

"तू कधी येतेस?"

"पुढच्या शनिवारी. तोवर रोज फोन करीन. गोळी घेतानाचा आवाज ऐकवायचा."

"गोळीला आवाज नसतो."

"पाण्याला असतो."

मग रोज ते फोनजवळ घटाघटा पाणी प्यायचे. तिला खरं काय ते सांगावं असं दर वेळी वाटायचं. पण आठ महिने दोघं हवेबद्दल, नळाबद्दल, तिच्या ऑफिसातल्या लिफ्टबद्दल बोलत आले होते. 'आई' हा शब्द दोघांनीही टाळला होता. एकानं उच्चारला असता तर दुसऱ्याला फोन ठेवावा लागला असता.

शनिवारी ती आली. पिशवी खाली ठेवून ती डबीकडे वळणार, तेवढ्यात तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांची बायको नवऱ्याला दंडाला धरून आत आली. मागोमाग बाई, मशीन घेऊन.

"भाऊजी, तुम्हीच सांगा यांना! तुमचं बघून नऊ दिवस गोळ्या सोडल्यात. वर केक खातायत!"

"टाकीपर्यंत चालतो ना मी," मास्तर म्हणाले आणि हातातल्या बाटलीतून घटाघट पाणी प्यायले.

"चालतात! आणि येऊन दर अर्ध्या तासानं बाथरूमकडे पळतात. काल एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या!"

बाईंनी मास्तरांचं बोट टोचलं. मशीननं तीनशे बेचाळीस दाखवले. मास्तरांनी हसायचा प्रयत्न केला, पण जीभ टाळूला चिकटली होती.

स्टोअरकीपरांनी मुलीकडे पाहिलं, मग त्या आकड्याकडे.

"मास्तर, मी एकही गोळी चुकवलेली नाही."

"अहो, पण डबी..."

ते आत गेले आणि बुटांचं खोकं घेऊन आले. स्टोअरमध्ये जळका बल्ब जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे. त्याच सवयीनं त्यांनी प्रत्येक रिकामी पट्टी तारीख घालून ठेवली होती. बाईंनी सगळ्या पट्ट्या तपासल्या. चूक सापडेना, त्यामुळे त्या जरा खट्टू झाल्या.

"मग ही डबी कोणाची?"

"ती हिनं भरली होती," ते म्हणाले. "रविवारी. सोमवारी तर..."

मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली.

"साहेब," शेवटी मास्तर हळूच म्हणाले, "आधी बोलायचंत की हो. नऊ दिवस त्या टाकीला प्रदक्षिणा घातल्या मी. गुडघा गेला माझा."

सगळी वरात डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी मास्तरांना खरपूस झापलं. आजपासून नेहमीचीच गोळी, नेहमीच्याच वेळी, मागची उधारी एकदम फेडायची नाही, आणि परवा पुन्हा दाखवायला यायचं. मग ते स्टोअरकीपरांकडे वळले. "पट्टीतून काढलेल्या, आठ महिन्यांच्या गोळ्या घरात ठेवू नका. उद्या चुकून कोणीतरी घेईल. डबी राहू दे. गोळ्या औषधांच्या दुकानात देऊन टाका, ते नीट विल्हेवाट लावतात."

दुकानाच्या काउंटरवर मुलीनं एकेक झाकण उघडून गोळ्या कागदाच्या पुडीत ओतल्या. स्टोअरकीपर मनातल्या मनात मोजत होते.

"तेरा," ते म्हणाले.

तिनं पुन्हा मोजल्या. तेराच.

"चौदा हव्यात. हिनं कधी एक कमी भरली नाही." त्यांनी शेवटचा कप्पा बोटानं चाचपला. त्यांचा चेहरा उतरला. म्हणजे त्या रविवारीच तिला बरं वाटत नव्हतं का? हात चुकला, आणि आपण शेजारी पेपर वाचत बसलो?

"बाबा, आईनं चौदाच भरल्या होत्या."

तो शब्द इतक्या दिवसांनी ऐकून ते दचकले. मुलीनं पर्सचा आतला कप्पा उघडला आणि घडी घातलेला रुमाल काढला. त्यात एक गोळी होती, कडा झिजून गेलेली.

"रविवार रात्रीची. घरात माणसं भरली होती तेव्हा काढून घेतली. वाटलं, बाकीच्या तुम्ही घ्याल, या एकीच्या जागी पट्टीतली घ्याल. तिनं मोजलेलं काहीतरी माझ्याकडेही..."

"न विचारता उचललीस?"

"हो."

"सांगायचं तरी होतंस."

"तुम्ही सांगितलंत?"

त्यांनी पुडी तिच्यापुढे सरकवली. तिनं चौदावी गोळी पुडीत टाकली आणि पुडी मिटली. एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं त्यांच्या. दुकानदारानं हात पुढे केला.

"तू दे," ते म्हणाले.

"नाही, तुम्ही द्या."

"तू दे गं."

पुडी जागची हलेना. दुकानदारानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग पुढे केलेला हात मागे घेत, स्वतःच्याच दुकानात, स्वतःच्याच काउंटरमागे उभा राहून तो अवघडून म्हणाला,

"काका, मी जरा वेळानं येऊ का?"