नत्थूजींची तालीम

आमच्या लकडगंजात नत्थूजी तिन्ही पोरी सासरी गेल्यापासून घराच्या खिडकीत दुकान लावून बसायचे. दुकानात माल मात्र काडीचा नाही. गजांच्या आत ते, आणि बाहेर बोळात एखादा घामाघूम झालेला नवरा.

"बोल गा, काय पायजे?" नत्थूजी खेकसायचे.

"ते... पाकीट."

"कायचं पाकीट? चहाचं का उदबत्तीचं?" आणि लगेच आवाज बारीक करून तेच रांगेत मागे उभी असलेली बाई व्हायचे, "अवं माय, घे ना बाबा लवकर!" नवऱ्याची बोबडी वळायची.

कुटुंबनियोजनाचं पाकीट चारचौघांत मागता यावं, म्हणून ही तालीम. नत्थूजींचा जन्म आरा मशीनवर लाकडं कापण्यात गेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "बँड लावून लगन केलं, तवा नाही लाजला. आता काहून कुजबुजून राहिला?" हा त्यांचा ठरलेला सवाल. अख्खा बोळ ऐकायचा.

मी तेव्हा हायस्कुलात भूगोल शिकवायचो. साठ पोरांना गप्प करणारा माझा आवाज औषधाच्या दुकानात पार बसायचा. धाकटी सहा महिन्यांची होती. डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे बोट दाखवून निक्षून सांगितलं होतं, "हिच्या अंगात रक्त नाही. तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत, नाहीतर जिवाशी गाठ आहे." मी दुकानात जायचो, शेजारी एखाद्या विद्यार्थ्याची आई दिसायची आणि मी ग्राइप वॉटर घेऊन परत यायचो. घरात चार बाटल्या झाल्या. बायको त्या फळीवर ओळीनं मांडून ठेवायची. तेच जास्त लागायचं.

शेवटी गेलो एकदाचा खिडकीशी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी सालटी काढली. दुसऱ्या दिवशीही मी अडखळलो, तेव्हा मात्र ते ओरडले नाहीत.

"मास्तर, मलेबी डॉक्टरनं चिठ्ठी देल्ली होती," ते म्हणाले. "तीनदा दुकानासमोरून गेलो. आत पाय नाही पडला. चिठ्ठी खिशातच धुतल्या गेली. चौथ्या बाळंतपणात बायको गेली, लेकरूबी गेलं." मग एकदम गरजले, "चल, पुन्हा बोल!"

आठव्या दिवशी मी दुकानात ठणठणीत आवाजात पाकीट मागितलं. एक म्हातारा वळून बघत राहिला. बघू दे लेकाचा! तिथून तडक खिडकीशी आलो.

"शाबास! पास झाला!" नत्थूजींनी गजांतून हात काढून माझी पाठ थोपटली. मग हात आत घेतला. "म्हंजे उद्यापासून नाही येणार तुमी."

मी हातातलं पाकीट खिशात सरकवलं.

"सगळेच पास होऊन जातात. मंग रस्त्यात भेटले का मान फिरवतात. बायकोसंग असले तर जास्तच. त्याहिचंबी खरं हाय. मी कोण म्हणून सांगतील?"

माझे कान तापले. आदल्याच दिवशी भाजीबाजारात ते समोरून येताना दिसले, तेव्हा मी बायकोला घेऊन रस्ता ओलांडला होता. त्यांनी ते पाहिलं होतं. आज पाठ थोपटली ती ते पाहूनही. स्वतःचीच चीड आली मला.

रविवारी भरदिवसा बायकोला आणि दोन्ही पोरींना घेऊन गेलो. खिडकी सोडून सरळ दार वाजवलं. "नत्थूजी, ही माझी बायको. तुम्हाला भेटायला आलीय."

सगळ्या बोळाला लाज सोडायला लावणारा तो माणूस दारात उभा राहून चक्क लाजला. टोपी चढवली, काढली, परत चढवली. मग हातानंच 'या' अशी खूण केली. आम्हाला बसवून ते आत गेले, स्टोव्हचा आवाज आला, मग डबे उघडल्या-झाकल्याचा.

मग दारातून डोकं काढून त्यांनी बायकोला अगदी हळू आवाजात विचारलं, "पोरी, चारजणाच्या चहाले साखर किती टाकू वं? मले एकट्याचंच माप येते."