सातव्या खोलीतील खांबाची बखर

हकीकत ऐसी जे, महाविद्यालयाचे नाट्यवर्गावर त्या साली थोर गंडांतर आले, आणि ते कैसे आले व कोणे रीतीने टळले हे मागाहून येणारांस ठाऊक असावे, म्हणोन डोळां पाहिले तितके, पदरचे थोडकेच घालोन, लिहितो.

प्राचार्यसाहेब मोडक्या बाकांचे मोठे कैवारी. बाके ठेवावयास जागा हवी म्हणोन त्यांची नजर नाट्यवर्गाच्या सातव्या खोलीवर गेली, आणि मग फर्मान सुटले की, नाट्यवर्गाने महिन्याचे आत जुन्या राजनाटकाचे प्रवेश परीक्षकांपुढे करावे, परीक्षक राजी जाहले तर खोलीत वर्ग राहील, नाही तर बाके राहतील. वर्गाच्या सरदार नाट्यशिक्षिका बाईसाहेब, अठरा वर्षे त्याच खोलीत झुंजलेल्या. त्यांनी फर्मान वाचिले, चष्मा पुसिला आणि तालमीचा हुकूम केला.

खोलीचे ऐन मध्यावर एक जाडजूड खांब, काढावा तर छत खाली येते. रंगमंचावर खांब नाही, तेव्हा इथेही तो नाहीच ऐसे समजोन वावरावे, ऐसे बाईसाहेबांनी पहिलेच दिवशी बजाविले. नाटकातला सेनापती तैसे समजोन चालला आणि नाक सुजवोन बसला, आणि मग फौज शहाणी जाहली, दूत वळसा घालोन येई, प्रधान वळसा घालोन जाई. वृद्ध राजाचे काम शिडी नामे एका लांबलचक विद्यार्थ्याकडे होते. त्यास मरणापूर्वी बावीस ओळी, इतका वेळ उभे राहवेना, म्हणोन तो रोज खांबास पाठ टेकोन मरे. राजकन्येचे काम टाचणी नामे विद्यार्थिनीकडे, ती पाठांतरात बहुत मातबर, परंतु बाप मेला तरी डोळ्यांत टिपूस नाही. बाईसाहेब रागे भरल्या, कांदा देऊन पाहिला, मेल्या मांजरीची आठवण काढावयास सांगितले, तर आपण मांजर पाळिलेच नाही ऐसे तिने अदबीने कळविले.

रंगमंच तालमीस मिळावा म्हणोन तीन अर्ज गेले. तिन्ही वेळा जबाब आला की, वापराने खराब होईल सबब मंच कुलपात आहे.

मग मोहिमेचा दिवस उजाडला. पडदा वर गेला, परीक्षक वही उघडोन बसले, प्राचार्यसाहेब मनात बाके रचीत बसले, आणि दूत आला. मंच सताड मोकळा, तरी मध्यावर येताच दूताने वळसा घातला, मागोन प्रधानाने घातला, आणि मग अवघी फौज नसलेल्या खांबास वळसे घालू लागली. विंगेत बाईसाहेबांनी कपाळास हात लाविला. महिनाभर आपण नाटक बसविलेच नाही, खांब बसविला, हे त्यांस कळोन चुकले.

राजाने बावीस ओळी बिनचूक म्हटल्या आणि सवयीने पाठ टेकिली. मागे हवा. महाराज सहा फूट लांबीनिशी आडवे जाहले आणि डोके आपटल्याचा आवाज शेवटल्या रांगेस पावला. टाचणी आपली ओळ विसरली, धावोन गेली आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन बोलिली,

"शिड्या, लागलं का रे? बोल ना काहीतरी."

राजा मेला असल्याकारणे बोलेना, शिडीची निष्ठा ऐसी थोर. तेव्हा टाचणी हमसून हमसून रडू लागली, तिसऱ्या रांगेत शिडीच्या मातोश्री पदर तोंडास लावोन उभ्या राहिल्या, आणि मग सभागृहात जिकडे तिकडे रुमाल निघाले. पडदा पडताच राजाने एक डोळा उघडोन, ओळी नीट जाहल्या काय, ऐसे पुसिले.

परीक्षकांनी वहीत लिहिले की, तो अदृश्य खांब म्हणजे सत्ता, सारे तिला वळसा घालतात आणि राजा विसंबतो तेव्हा ती जागेवर नसते, ऐसी दिव्य दृष्टी आजवर पाहिली नाही. बाईसाहेबांनी मान लवविली. अठरा वर्षांत पहिली शाबासकी मिळाली, ती न केलेल्या कामाची, याचे त्यांस फार वाईट वाटले. तरी त्यांनी ती घेतली.

वर्ग कायम जाहला. बाईसाहेबांनी संधी साधोन तालमीस रंगमंच मागितला. त्यावर प्राचार्यसाहेबांचा हुकूम आला की, ज्या खांबाने कीर्ती दिली त्यापासोन वर्गास तोडणे आमच्याने होणार नाही, सबब वर्गाने सातव्या खोलीतच निरंतर राहावे, आणि मोडकी बाके रंगमंचावर ठेवावी.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. शिडीचे टेंगूळ आठ दिवसांत उतरले, खांब आहे तेथेच आहे, आणि मंचास पुन्हा कुलूप लागले, ही नोंद खरी जाणिजे.