शंभरापैकी अडतीस

बुद्धभूषण एका कंपनीच्या खरेदी विभागात कारकून होता. तीन कोटेशनं आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता असल्याशिवाय तिथे टाचणीसुद्धा येत नसे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढच्या प्रकाराचं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फुटणार नाही. (थोडं फुटायला हरकत नाही.)

झालं असं, की त्याच्या बायकोला, नम्रताला, एका दवाखान्यात सकाळची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. त्याआधी तीन वर्षांच्या सलोनीला बालवाडीत घालणं भाग होतं.

"कोपऱ्यावरच्या म्युनिसिपालटीच्या बालवाडीत नाव घालून या," नम्रता म्हणाली.

"एकच बघून? कंपॅरिझन नको?"

"अहो, बालवाडी आहे ती. झेरॉक्स मशीन नाही."

पण गडी पेटला होता. दोन दिवस रजा टाकून त्याने परळ-लालबागमधल्या चार सरकारी बालवाड्या पालथ्या घातल्या. खिडक्या मोजल्या, बाकांची उंची पट्टीने घेतली, खिचडी दोनदा चाखली. (दुसऱ्यांदा केवळ खात्रीसाठी.) लालबागची बालवाडी शंभरापैकी एक्याण्णव मिळवून पहिली आली. कोपऱ्यावरची अडतीसवर अडकली. शेरा: 'प्रश्न विचारल्यास बाई उलट प्रश्न विचारतात.'

तक्ता इतका देखणा झाला, की तो नुसता जवळ ठेवणं त्याच्या जिवावर आलं. शुक्रवारी सकाळी त्याने तो चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि दिवसभर येणारे अंगठे मोजत बसला. शनिवारी फॉर्म घेऊन लालबागला पोचला.

"जागा भरल्या," तिथल्या बाई म्हणाल्या. "काल एकाच चाळीतून अकरा पोरं आली. कोणीतरी आमचं फार कौतुक केलंय म्हणे."

दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या बालवाड्यांत हीच तऱ्हा. सलोनी झाल्यापासून नम्रता या नोकरीची वाट बघत होती, आणि ती आपल्या तक्त्यापायी जाणार, या विचाराने बुद्धभूषणला खरोखर स्वतःची लाज वाटली.

मान खाली घालून तो कोपऱ्यावर गेला. तिथल्या शिक्षिका मालनबाईंच्या टेबलावर, काचेखाली, त्याचाच तक्ता होता.

"अडतीसवाले तुम्हीच ना?"

"म्हणजे... तो आपला एक अंदाज..."

"जन्मदाखला आणलाय?"

"हो."

"तक्ता घरी ठेवलाय?"

"हो."

"मग द्या फॉर्म. तुमच्या कृपेने चाळीतलं एकही पोर इकडे फिरकलं नाही. जागाच जागा आहे."

सोमवारी नम्रता वेळेवर कामाला गेली. सलोनीने बालवाडीच्या दारात बापाचं बोट सोडलं आणि मागे वळूनही न बघता आत पळाली. बुद्धभूषण खिडकीशी उभा राहिला. आधी नाक लाल झालं, मग डोळे, आणि मग त्याला काही केल्या आवरेना. तेवढ्यात नम्रताचा फोन आला.

"अहो, रडली का ती?"

उत्तरादाखल त्याने मोठ्याने नाक ओढलं. मालनबाई बाहेर आल्या आणि त्यांनी फोन सरळ त्याच्या हातातून काढून घेतला.

"पोरगी मजेत आहे हो. मिस्टरांना तेवढं घरी बोलवून घ्या. त्यांना बघून बाकीची पोरं रडायला लागलीत."