दशरथजींची बुडालेली जहाजं

"मास्तर, एकशे ऐंशी गेले."

सकाळचे सात वाजले होते. मी चहाचा कप तोंडाला लावत होतो, आणि आमच्या नि शेजारच्या घरामधल्या बुटक्या भिंतीवरून पांढऱ्या मिशांचा एक चेहरा वर आला होता. नागपुरात, टिमकीत राहायला येऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. शेजाऱ्यांशी झालेलं माझं पहिलं बोलणं ते हे.

"कुठे गेले?" मी विचारलं.

"जहाज बुडालं जी. खडकावर आपटलं. बाया होत्या, लेकरं होती. एक नाही वाचलं."

माझा मेव्हणा तेव्हा मुंबईच्या गोदीत कामाला होता. बायकोनं हातातलं पातेलं खाली आदळलं आणि रडायलाच बसली. मी रेडिओकडे धावलो. रेडिओवर सनई चालली होती, मग हवामान झालं. जहाजाचं नाव नाही. मी पुन्हा भिंतीशी आलो.

"अहो, पण कधी झालं हे?"

त्यांनी आकाशाकडे बघत जरा विचार केला. "झाले असतीन दीडशे वर्षं."

बायकोचं रडणं थांबलं आणि ती माझ्याकडे अशी बघू लागली की जणू ते जहाज मीच बुडवलं होतं.

हे दशरथजी. वय पासष्टीच्या आसपास, धंद्यानं विणकर, घरात हातमाग. रोज पहाटेपासून त्यांच्या घरातून धोट्याची खटखट यायची. त्या दिवशी मात्र माग गप्प होता. माझ्या बायकोनं त्यांच्या बायकोला, भागाबाईंना, कारण विचारलं. भागाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "जहाज बुडालं का बुढा खाडा करते वं. माणसं कोनाची कोन, अन् सुतक आमच्या घरी!"

दीडशे वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजाची बातमी यांच्यापर्यंत आली कशी, हा प्रश्न मला पडला होताच. त्याचं उत्तर संध्याकाळी फडक्यात गुंडाळून घरी आलं. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. मुखपृष्ठ नाही, पहिली काही पानं नाहीत, त्यामुळे नाव शेवटपर्यंत कळलं नाही. इतवारीतल्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना ते सापडलं होतं. आत शिडांच्या जहाजांची चित्रं होती, आणि प्रत्येक जहाज बुडत होतं. दशरथजींना मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही. आमच्या आधी त्या खोल्यांत राहणारे पोस्टातले एक बाबू त्यांना वाचून दाखवत. त्यांची बदली झाली. एकशे ऐंशी माणसं हे त्यांनी आदल्या रात्री, निरोप घ्यायला आले तेव्हा, वाचलेलं शेवटचं प्रकरण.

"तुम्ही तं इंग्रजीचेच मास्तर," दशरथजी म्हणाले. "अन् समुद्राकडचे."

"मी साताऱ्याचा आहे."

"तेच तं. सातारा म्हंजे मुंबईकडं, अन् मुंबई म्हंजे समुद्र."

स्वतः ते वर्ध्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. समुद्र म्हणजे काय ते त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. "अंबाझरीचा तलाव घ्या, अन् पल्याडचा काठ काढून टाका," असं ते मला समजावून सांगत.

मग दर रविवारी सकाळी आमचं वाचन सुरू झालं. मी एकेक वाक्य मराठीत सांगायचो आणि ते मांडी घालून डोळे मिटून ऐकायचे. पण निमूट नव्हे. वादळ आलं, डोलकाठी मोडली, शीड फाटलं, असं मी सांगितलं की डोळे उघडायचे.

"फाटलं कसं? उभं का आडवं?"

"ते दिलेलं नाही."

"मंग का दिलं त्यानं? उभं फाटलं तं बाणा, म्हंजे आडवं सूत, कच्चं होतं; आडवं फाटलं तं ताणा, म्हंजे उभं सूत. वारा का करंन त्याले? कोनं इनलं होतं ते कापड?"

विणकराचं नाव पुस्तकात कधीच नसायचं. कप्तानाचं असायचं, तोफा किती होत्या ते असायचं, कप्तानाच्या कुत्र्याचंसुद्धा एकदा होतं. दशरथजी मान हलवायचे. लिहिणाऱ्याला कामाचं काही विचारताच आलं नाही, असं त्यांचं मत.

या नादापायी ते रोजच्या जगण्यातही कधी जहाजावर असत, कधी जमिनीवर, आणि दोन्हींत त्यांना फारसा फरक वाटत नसे. एका लग्नासाठी आम्ही दोघं उमरेडला एस.टी.नं चाललो होतो. पावसाळ्याचे दिवस. वाटेत एका नाल्यात गाडी बंद पडली. पाणी जेमतेम गुडघाभर. लोक कुरकुरत धोतरं वर खोचू लागले, तोच दशरथजी उभे राहिले आणि गरजले, "कोनी हलाचं नाही! बाया-लेकरं आधी!"

त्यांच्या आवाजात असं काही होतं की सगळे खरोखरच बसले. बायका-मुलं उतरली. मग म्हातारे उतरले. मग एका कोंबडीच्या टोपलीबद्दल जरा वाद झाला, ती बाया-लेकरांत धरायची की सामानात. तेवढ्यात ड्रायव्हरनं आपलं दार उघडून पाय खाली टाकला. दशरथजींनी त्याचा सदराच धरला.

"तू कुठी चालला गा?"

"चहा प्याले. काहून?"

"कप्तान शेवटी उतरते!"

"कोन कप्तान?"

"तू!"

बिचारा ड्रायव्हर मुकाट्यानं पुन्हा सीटवर बसला. पस्तीस माणसं आणि एक कोंबडी काठाला लागली तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. जाताना त्यानं मला हळूच विचारलं, "हे कोन होय जी? आरटीओचे साहेब?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो!

असं वर्षभर चाललं. मला ते माणूस म्हणून आवडू लागले होते, पण एक गोष्ट मला चक्रावून टाकायची. जहाज बुडून माणसं मेली की ते खाडा करायचे, जेवण टाळायचे. हे समजण्यासारखं होतं. पण माणसं वाचली की त्यांचा चेहरा त्याहून पडायचा.

एका रविवारी फार सुंदर प्रकरण निघालं. जहाज फुटलं, पण खलाशांनी दोराला दोर बांधून एकूण एक माणूस किनाऱ्यावर आणला. "सगळे वाचले, दशरथजी!" मी म्हणालो.

"सारे?"

"सगळे!"

"म्हंजे हेबी नाही," ते पुटपुटले, आणि पुस्तक माझ्या हातातून घेऊन फडक्यात गुंडाळू लागले.

मला संताप आला. "तुम्हाला माणसं जगलेली बघवत नाहीत का हो?" मी म्हणालो. "मी नाही वाचणार यापुढे."

ते पुस्तक काखेत मारून उठून गेले. दोन रविवार आलेच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात भागाबाई भिंतीशी आल्या. "बुढा धड जेवून नाही राहिला, मास्तर. तुमच्याशी बोलाचं म्हंते अन् बोलत नाही. तुम्हीच या न जी."

मी गेलो. दशरथजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. मला बघून त्यांनी बाजूला सतरंजी सरकवली.

"मास्तर, माणसं मेलेली मले नाही आवडत. पण एक जहाज मले बुडालेलं पाह्यजे."

"कोणतं?"

"नाव नाही मालूम."

मग ते बोलत राहिले, तुकड्यातुकड्यांनी, सुताची गाठ मारत मारत. त्यांच्या आज्याचा एक मोठा भाऊ होता, गणबा. गिरणीचं कापड आलं आणि माग बंद पडले, त्या दिवसांत एक माणूस वस्तीत आला. समुद्रापार बेटावर ऊस तोडायला चला, पाच वर्षांनी परत, म्हणाला. गणबा गेला. घरी पंधरा वर्षांची बायको होती. ती पुढे सगळ्यांची मोठी माय झाली. दशरथजींची आई ते तान्हे असताना गेली, तेव्हा याच मोठ्या माईनं त्यांना वाढवलं.

"पाच वर्षं झाले, धा झाले. लोकं तिच्या तोंडावर म्हनत, त्यानं तिकडं दुसरी केली असंन. मोठी माय म्हने, नाही, वापसीचं जहाज बुडालं असंन. अन् असं म्हनून दिवसभर रडे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कुकू लावे अन् दारात बसे. मी लहान होतो जी. मले समजे नाही. बुडालं म्हन्ते, अन् कुकूबी लावते."

"मग तुम्ही विचारलंत कधी?"

"इचारलं एकदा. ते म्हने, मलेबी नाही समजत रे बाप्पा."

सुताची गाठ त्यांच्या बोटांत तशीच राहिली होती.

"बुडालं असंन तं तो येऊन राहिला होता, मास्तर. रस्त्यात होता. अन् नसंन बुडालं, तं मंग तो आलाच नाही."

मी ते पुस्तक मागून घेतलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. चहा घेऊन बुडालेली जहाजं होती, तोफा घेऊन बुडालेली होती. ऊस तोडून घरी परतणाऱ्या मजुरांचं एकही नव्हतं. असं एखादं बुडालं असेलही, पण या लेखकाला ते बुडाल्याचं कळलं नव्हतं, किंवा कळून सांगावंसं वाटलं नव्हतं. दशरथजी मात्र रोज भिंतीवरून फक्त माझ्याकडे बघायचे. विचारायचे काही नाहीत.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधीच्या रविवारी, मी त्यांना बोलावलं. पुस्तक मधेच कुठेतरी उघडलं आणि वाचायला लागलो. त्या पानावर जे होतं ते मी वाचत नव्हतो. तीन डोलकाठ्यांचं जहाज, मी म्हणालो. बेटावरून निघालेलं. आत पाच वर्षं भरलेले मजूर.

"पाच भरलेले न?"

"हो. पुरी पाच."

"घरी येऊन राहिले होते?"

"घरीच. किनारा दोन दिवसांवर राहिला होता, तेव्हा वादळ आलं."

"नावं हायेत?"

"नाहीत. नुसते मजूर म्हणून लिहिलंय."

"वाचलं कोनी?"

माझ्या तोंडाला कोरड पडली होती. मी शाळेत पोरांना खोटं बोललं म्हणून उभं करणारा माणूस. "कोणीच नाही," मी म्हणालो.

"कुठी लिहिलं? बोट ठेवा."

मी एका ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत सागवानी ओंडके किनाऱ्याला लागल्याचं लिहिलं होतं. दशरथजींनी माझं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवलं. मग म्हणाले, "पानी प्या मास्तर. थकले तुम्ही." त्यांना कळलं की नाही, हे मला त्या वेळी समजलं नाही आणि अजूनही समजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला कन्हानला घेऊन गेले. नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी गणबाचं नाव घेतलं आणि तीळ घातलेलं पाणी ओंजळीनं तीनदा सोडलं. मी काठावर चपला सांभाळत उभा होतो. ते तिथून हलेनात, म्हणून मी विचारलं, "मोठ्या माईंनाही देणार ना पाणी? आता दोघांचं एकत्रच होऊ दे."

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"तिले आज कसं देऊ जी? तिचं पितरपाटात, भादव्यातल्या सवासनीच्या नवमीले देतो दरसाल. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायाचा दिवस होय तो. कुकू लावून गेली न ते." बोलता बोलता ते थांबले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पन हा आधी गेला असंन, तं मंग तिची नवमी..."

'विधवा' हा शब्द त्यांच्या तोंडी येईना. तिच्यासाठी नवऱ्याला समुद्रात बुडवायला निघालेल्या आम्हा दोघांच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. नदीचं पाणी त्यांच्या धोतराला ओढत होतं आणि ते त्या पाण्याकडे कितीतरी वेळ बघत होते.

शेवटी ते काठावर आले. चपला घातल्या.

"राहू द्या," ते म्हणाले. "तिची नवमीच राहू द्या. तिले नाही सांगत."

मी मान हलवली. पाचपन्नास पावलं चालून गेल्यावर ते पुन्हा थांबले. चाळीसेक वर्षांपूर्वी गेलेली ती बाई मला कुठे वाटेत भेटणार होती देव जाणे, पण त्यांनी माझा दंड धरला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हीबी सांगू नका जी."

"नाही सांगणार," मी म्हणालो.