बराकाची आई कशी सापडली

एका जंगलात दयेचा पूर आला होता.

पाण्याचा नव्हे, बाळांनो, दयेचा. पाणी बेताचंच होतं. दया मात्र इतकी झाली होती, की ती कुठे नेऊन ओतावी हे कुणाला कळेना.

हे जंगल वानरांचं होतं. तिथे एक रीत पडली होती. वरच्या फांदीवर बसायचं असेल, तर नुसतं झाडावर चढता येऊन भागत नसे. आधी दूरच्या मुलखात जाऊन कुणाचं तरी भलं करून यावं लागे. जवळच्या कुणाचं भलं केलेलं चालत नसे. त्यात प्रवास होत नाही ना!

त्या जंगलात मृदुला नावाची एक तरुण वानरी होती. मनाने खरंच मऊ. वाळलेलं पान गळून पडलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी येई, आणि ते सुकायच्या आत ती मोबाईल काढून स्वतःचा फोटो घेई. वानरांकडे मोबाईल कुठून आले, असं विचारू नका. त्यांना शेपटी कुठून आली, हे कधी विचारलंत का?

तर मृदुलेची निघायची तयारी चालली होती. झाडाच्या बुंध्याशी लंगडे तात्या बसले होते. त्यांचा पाय मोडला होता.

"मृदे, दोन जांभळं टाक गं खाली," तात्या म्हणाले. "चढवत नाही मला."

"आत्ता नाही हो तात्या. मी सेवेला निघालेय ना! बांधाबांध चाललीय."

तात्यांनी खालूनच आशीर्वाद दिला. उपाशी पोटीचा आशीर्वाद लवकर फळतो म्हणतात.

तिची आई जरा जुन्या वळणाची होती. ती म्हणाली, "अगं, एका आठवड्यात कुणाचं काय भलं होणार?"

"आठवडा भरपूर झाला गं आई. त्याहून जास्त राहिलं, की लोक कामं सांगायला लागतात."

पूर्वी एक वानर उडी मारून समुद्रापार गेला होता. पण त्याच्याजवळ सामान नव्हतं. मृदुलेजवळ बॅगा होत्या. म्हणून ती जहाजाने गेली.

समुद्रापलीकडे पूर्व आफ्रिकेचा गवताळ माळ होता. यंदा तो नावापुरताच गवताळ होता. पाऊस दडी मारून बसला होता. माळ करपून तपकिरी झाला होता, आणि जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. पण माळाच्या मधोमध एक काटेरी कुंपण होतं. त्याच्या आत झरा होता, आणि झऱ्याकाठी हिरवंगार गवत. फाटकावर पाटी होती : 'अनाथ पिलांचे घर. फोटो काढण्यास परवानगी आहे.'

फाटकात एक करकोचा उभा होता. टक्कल पडलेला, काळा कोट घातल्यासारखा दिसणारा. त्याचं नाव सादिकी. तो या घराचा व्यवस्थापक.

"करिबू, करिबू!" त्याने मान लववून स्वागत केलं. "या ताई. वाट बघत होतो. आधी जेवणार, की आधी रडणार?"

"आधी अनाथ दाखवा," मृदुला म्हणाली.

पिलं रांगेत उभीच होती. हरणाची दोन पाडसं होती, एक शहामृगाचं पिल्लू होतं, म्हशीचं एक रेडकू होतं. टोकाला झेब्र्याचं शिंगरू होतं. त्याचं नाव बराका. मृदुलेचा जीव त्याच्यावरच बसला. पट्टे फोटोत उठून दिसतात.

तिने त्याला घट्ट मिठी मारली. बराकाने लगेच मान तिरकी करून मोबाईलकडे पाहिलं. त्याला सवय होती.

दुसऱ्या दिवसापासून सेवा सुरू झाली.

पिलांना काहीतरी शिकवायचं, असं मृदुलेने घरूनच ठरवून आणलं होतं. आपल्याला उत्तम येतं तेच शिकवावं. म्हणून ती त्यांना झाडावर चढायला शिकवू लागली.

आवारात एकच काटेरी झाड होतं. बराकाने पुढचे दोन्ही खूर बुंध्याला टेकवले आणि तो आज्ञाधारकपणे वर बघत उभा राहिला. मृदुलेने मागून ढकललं. शिंगरू धाडकन आपटलं. गुडघा फुटला. मग तिने त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधली, आणि ती बांधताना फोटो काढवून घेतला. एवढ्या छान पट्टीसाठी आधी गुडघा फुटणं आवश्यकच होतं, बाळांनो.

"फार जिद्दी आहे हो," ती सादिकीला म्हणाली. "उद्या चढेल."

"चढेल की," सादिकी म्हणाला. "गेल्या वेळच्या पाहुण्यांनी पोहायला शिकवलं. अजून दोघांना खोकला आहे."

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली. सकाळ झाली की बराका कुंपणाशी जाऊन उभा राही. कुंपणापलीकडे एक मोठं वारूळ होतं. त्याच्यामागून कुणीतरी हलकेच खिंकाळे. लगेच बराकाचे कान टवकारत. थोड्या वेळाने तो परत येई, तेव्हा त्याच्या ओठांना दुधाचा फेस लागलेला असे.

"तिकडे कोण असतं?" मृदुलेने विचारलं.

"वारा असतो," सादिकी म्हणाला.

वाऱ्याला दूध येत नाही, हे मृदुलेला ठाऊक असायला हवं होतं. पण ती फोटो निवडण्यात गुंतली होती.

दिवस जात गेले, तसा तिचा खरंच जीव जडला. हे काही खोटं नव्हतं हं. दुपारच्या उन्हात बराका तिच्या मांडीवर मान टाकून झोपे, आणि ती त्याच्या आयाळीतल्या गोचड्या वेचत बसे. त्या वेळी ती मोबाईल बाजूला ठेवी. इतकं ऊबदार ओझं तिच्या मांडीवर पूर्वी कधी आलं नव्हतं. जायचा दिवस जवळ आला तशी ती त्याला मांडीवरून उठूच देईना.

शेवटी तिने निर्णय घेतला. ती सादिकीकडे गेली.

"मी बराकाला घरी घेऊन जाणार."

सादिकी दचकला. "घेऊन? ताई, आमचे अनाथ मिठी मारायला असतात. न्यायला नसतात."

"त्याला जगात कुणी नाही. मी त्याची आई होईन."

सादिकीने टकलावरून पंख फिरवला. विचार केला. मृदुला वरच्या फांदीवर बसणार. खूश होऊन गेली, तर मागून आणखी वानरं पाठवील.

"न्या," तो म्हणाला. "अनाथ काय, दुसरा करता येईल."

"दुसरा मिळेल, असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

"तेच ते."

निघायच्या दिवशी मृदुलेने बराकाच्या गळ्यात मऊ दोर बांधला. फाटक उघडलं. आणि वारुळामागून एक झेब्रा बाहेर आली. नुसती हाडं आणि पट्टे. ती वाटेत आडवी उभी राहिली.

"मावशी, बाजूला व्हा ना जरा," मृदुला म्हणाली. "आमचं जहाज चुकेल."

"हा माझा मुलगा आहे," ती म्हणाली. "मी रेहेमा."

"पण तो अनाथ आहे!"

"दुष्काळापुरता."

मृदुलेला कळेना. तिने सादिकीकडे पाहिलं. सादिकी आकाशाकडे पाहू लागला.

"म्हणजे काय?" तिने विचारलं.

"पाणी कुंपणाच्या आत आहे, मुली. गवतही आत. आई असलेल्या पिलाला आत घेत नाहीत. म्हणून पाऊस गेला की मी मरते. पाऊस आला की पुन्हा जिवंत होते. इथल्या सगळ्या आया असंच करतात."

हरणाच्या पाडसांनी मान डोलावली. शहामृगाचं पिल्लू म्हणालं, "माझे तर बाबापण मरतात."

मृदुलेच्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं पाणी, हे तिलाच सांगता आलं नसतं. "आणि मी आठवडाभर रडले, त्याचं काय?" ती ओरडली. "रोज रडले मी! एकदा तर कुणी बघत नसतानासुद्धा!"

"चुकलंच माझं," रेहेमा म्हणाली. "आजचा दिवस मी मेलेलीच राहायला हवं होतं. पण तू दोर बांधलास गं. मग राहवलं नाही."

मग रेहेमाने हळूच विचारलं, "तुमच्याकडे गवत आहे?"

"आहे. कमरेइतकं."

"पाणी?"

"बारमाही ओढा आहे."

रेहेमाने बराकाकडे पाहिलं. त्याच्या बरगड्या दिसत नव्हत्या. तिच्या स्वतःच्या दिसत होत्या. एक पाऊल ती बाजूला सरकलीसुद्धा. वाट मोकळी झाली.

पण बराकाला या बोलण्यातलं काही कळलं नव्हतं. त्याला एवढंच कळलं, की आई कुंपणाच्या अलीकडे आली आहे आणि मध्ये काटे नाहीत. तो दोरासकट धावला, तिच्या पोटाखाली घुसला आणि सगळ्यांदेखत चुरूचुरू दूध प्यायला लागला. त्या हाडांच्या सापळ्यात दूध कुठून येत होतं, देव जाणे.

दोराचं टोक मृदुलेच्या हातातून सुटलं. तिने ते पुन्हा उचललं नाही.

आणि बाळांनो, त्या क्षणी तिच्या डोक्यात एक खरा विचार आला. असे विचार वानरांच्या डोक्यात क्वचित येतात.

"सादिकी," ती म्हणाली, "हे कुंपणच काढून टाका ना."

माळावरची सगळी जनावरं तिच्याकडे बघू लागली. रेहेमाने कान टवकारले.

"कुंपण काढलं," सादिकी शांतपणे म्हणाला, "तर अनाथ कुठे ठेवायचे?"

मृदुला विचारात पडली. एरवी तिला याचं उत्तर सुचलं असतं. पण तेवढ्यात बंदरावरून जहाजाचा भोंगा वाजला. घाईच्या वेळी प्रत्येक उत्तर पटण्यासारखंच वाटतं.

"आणि असं तोंड पाडून जाऊ नका, ताई," सादिकी म्हणाला. त्याने चोचीत तिचा मोबाईल धरला. "उभ्या राहा त्यांच्याशेजारी. हात ठेवा शिंगराच्या पाठीवर. तुम्ही काय केलंत, ते तुमचं तुम्हालाच कळलेलं नाही. अहो, या अनाथाची हरवलेली आई तुम्ही शोधून दिलीत!"

मृदुलेने फोटो पाहिला. आई, लेकरू आणि मध्ये ती. डोळे पाणावलेले. उजेडही छान आला होता.

"खरंच की," ती म्हणाली. "दिली."

घरी परतल्यावर तिने सगळ्या जंगलापुढे ही हकिगत सांगितली. आई शोधायला ती काट्याकुट्यांतून किती हिंडली, ते सांगितलं. सांगता सांगता ते तिला आठवूही लागलं. म्हाताऱ्या वानरांनी डोळे पुसले. मृदुलेला वरच्या फांदीवर बसवण्यात आलं, आणि तरुण वानरं फांद्या हलवून म्हणाली, "आम्हालाही आई शोधायचीय! आम्हालाही!"

तसा निरोप समुद्रापार गेला. सादिकीने पाटी बदलली. 'हरवलेली आई शोधून द्या. आठवडाभरात हमखास.'

मग माळावर नवा दिनक्रम सुरू झाला. पाहुणे येण्याआधी आयांनी वारुळामागे जाऊन हरवायचं, आणि शेवटच्या दिवशी सापडायचं. सापडताना पाय थोडे लटपटले पाहिजेत, असं सादिकी बजावून सांगे. हरिणी एकदा फार उत्साही वानराला दुसऱ्याच दिवशी सापडली. तिला पुन्हा हरवायला लावलं. रेहेमाचं सापडणं सगळ्यांत चांगलं होई. तिला रडू आणावं लागत नसे.

पुढच्या दुष्काळात मृदुला नव्या वानरांची म्होरकी होऊन तिथे गेली. सगळी हौसेने फाटकाशी जमली होती. इतक्यात माळावरून रानडुकराचं एक पिल्लू अडखळत आलं. अंगावर धूळ, जीभ बाहेर.

"मला आत घ्या," ते म्हणालं. "मी अनाथ आहे."

"उत्तम," सादिकी म्हणाला. "आई कुठल्या वारुळामागे उभी आहे?"

"नाही. तिला सिंहिणीने खाल्लं."

"खाल्लं म्हणजे? पूर्ण?"

"पूर्ण."

सादिकीने चोच मिटली. "मग शेवटच्या दिवशी सापडणार कोण?"

"कुणी नाही."

"मग बाळा, तुला इथे घेता येणार नाही. हे अनाथांचं घर आहे."

पिल्लू मृदुलेकडे बघू लागलं. तिने मागे नजर टाकली. नवी वानरं मोबाईल सरसावून उभी होती. ज्याच्या वाट्याला हे पिल्लू येईल, त्याच्या हाती आठवड्याच्या शेवटी काय लागणार? कोवळी मनं ती. एवढा हिरमोड त्यांना सोसला नसता.

ती खाली वाकली. तिने पिल्लाला घट्ट मिठी मारली, अगदी मनापासून. मग त्याला वळवून, पाठीवर थोपटून माळाकडे तोंड करून दिलं, आणि डोळे पुसत फाटक लावून घेतलं.

पिल्लू तिथेच उभं राहिलं. वारुळामागे सगळ्या आया दाटीवाटीने हरवून उभ्या होत्या. सावली तेवढीच होती. रेहेमा अंग चोरून थोडी सरकली.

"ये रे," ती म्हणाली. "इथे ऊन कमी लागतं."

त्याचा फोटो कुणी काढला नाही.

तात्पर्य : अनाथ व्हायचेच असेल, तर आई जिवंत असताना व्हावे. ती मेल्यावर त्याचा काही उपयोग नाही.